बोटभर उंच

मी सिमेंटचा एक पेव्हर ब्लॉक. लाल रंगाचा, नागमोडी कडांचा. माझ्यासारखे हजारो तुमच्याही गल्लीत असतील. तुम्ही त्यांच्यावरून चालता, त्यांच्यावर गाड्या धुता, रांगोळी काढता. पण वाकून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. माझ्याकडे मात्र एकदा सगळी गल्ली वाकून बघत होती. ते कौतुकाने नव्हे.

धुळ्याच्या रस्त्यालगत एका कारखान्यात मी जन्मलो. साच्यात खडी, कच आणि सिमेंट ओतलं, खालचं टेबल थरथरलं, आणि दुसऱ्या दिवशी मला उलटं करून बाहेर काढलं. पुढे बरेच दिवस पाण्यात ठेवलं. मी ऐंशी मिलिमीटर जाडीचा, कणखर झालो. अंगात ताकद असली की पुरे, असं तेव्हा मला वाटायचं.

शिंदखेड्याजवळच्या ज्या गावात मी आलो, तिथे हेमांगीअक्का राहतात. चाळिशी ओलांडलेल्या. लहानपणी पोलिओने पाय गेले. हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर बसून त्या रोज स्टँडजवळच्या आपल्या शिलाईच्या दुकानात एकट्या जायच्या. कोणाला हाक मारावी लागत नव्हती, एवढंच त्यांचं सुख.

गल्ल्यांना ब्लॉक बसवायचं ठरलं तेव्हाची हकिगत मला शेजारच्या ब्लॉकांनी सांगितली. ग्रामसभेत लग्नाच्या बस्त्यासारखी निवड चालली होती. खालच्या गल्लीने पिवळे घेतले म्हणून वरच्या गल्लीला लाल हवे, त्यांचे सरळ म्हणून यांना नागमोडी. अक्कांनी एवढंच म्हटलं, सगळीकडे एकाच मापाचे घ्या, म्हणजे एखादा फुटला तरी दुसरा बसेल. त्यावर वरच्या गल्लीतले झुलालनाना हसत म्हणाले, "बठ्ठा गल्लीस्ले एकच लुगडं नेसाडशी का, अक्का?"

अक्का म्हणाल्या, "लुगडं येगळं ऱ्हाऊ द्या, नाना. पन उंची एक ठेवा. मन्ही गाडीले रंग दिखत नही, उंचवटा लागस."

लोक हसले आणि चहा आला.

वरच्या गल्लीत, म्हणजे अक्कांच्याच गल्लीत, साठ मिलिमीटर जाडीचे ब्लॉक बसले. पायी चालायला ते ठीक होते. पण कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तिथूनच जातात, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षभरात अक्कांच्या दारापुढचा ब्लॉक फुटला. तो ज्या कारखान्याचा होता त्याने साचाच बदलला होता. मग ग्रामपंचायतीतून आमच्याकडे फोन आला. लाल आहे का? आहे. नागमोडी आहे का? आहे. जाडी कोणी विचारली नाही, आमच्या मालकानेही सांगितली नाही.

कौतिक गवंडी मला बसवायला आला. मी लांबीलाही जास्त निघालो. त्याने हातोडीने माझा एक कान उडवला आणि मला खाचेत कोंबलं. खाली काँक्रीट होतं, खोल करता येईना. मी शेजाऱ्यांपेक्षा बोटभर वरच राहिलो. अक्का दारातून बघत होत्या. कौतिक ओशाळून म्हणाला, "नाव एकच शे, अक्का, पन माप येगळं शे. मी तरी काय करू?" कडेने सिमेंटचा उतार देऊन तो गेला. तो उतार आठवडाभरात निघाला.

एका सकाळी अक्का मांडीवर हळदीच्या समारंभासाठी शिवलेले ब्लाउज घेऊन निघाल्या. पुढचं चाक माझ्या कडेला अडलं आणि गाडी कलंडली. ब्लाउज धुळीत पडले. उजवं मनगट अंगाखाली सापडलं. माणसं जमली. नाना म्हणाले, जरा बघून चालवायची होती.

"मी रोज पाहीसनच जास, नाना," अक्का म्हणाल्या. "रस्ताच बदली गया."

मनगट जुळलं, पण वाकडं. त्या हाताने तीनचाकी फिरत नाही. दुकानाच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं विकतात. मला उपटून काढलं. माझ्या जागी तिसऱ्याच कारखान्याचा ब्लॉक बसवला. तो बोटभर खाली गेला आहे आणि त्यावर पाणी साचतं.

मी कच्चा नव्हतो. ते साठचे ब्लॉकही पायवाटेसाठी वाईट नव्हते. आम्ही फक्त एकमेकांचे नव्हतो. रंग हवा तो निवडा बाबांनो, पण माप, जाडी आणि ताकद सगळ्या कारखान्यांची एक असू द्या. ती आमच्या पाठीवर छापा, आणि माल उतरवण्याआधी एकदा पट्टी लावा. हे सगळं सरकारी मानकांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे म्हणतात. आमच्या गावात ते पुस्तक कोणी उघडलं नाही.

आज धाकटा भाऊ दीपक अक्कांना दहा वाजता मोटरसायकलवरून दवाखान्यात नेणार होता. बारा वाजून गेले. अक्का पिशवी मांडीवर धरून ओट्यावर बसल्या आहेत. शेजारी त्यांची तीनचाकी उभी आहे, आणि ती घसरू नये म्हणून चाकाखाली मला लावलं आहे.