उपाशी कृमी आणि माझे बाबा

आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या युनिव्हर्सिटीत मी पीएचडीसाठी कृमी पाळते. मिलिमीटरभर लांब, आयुष्य जेमतेम तीन आठवडे. त्यांचं खाणं कमी केलं की पेशींना ‘अन्न भरपूर आहे’ हा निरोप जाणं थांबतं. मग त्या वाढायचं सोडून डागडुजीला लागतात, साठलेला कचरा मोडून वापरतात आणि कृमी जास्त जगतो. हे सगळं मी अमरावतीहून राहायला आलेल्या बाबांना जेवताना रंगवून रंगवून सांगितलं. माझंच तोंड, दुसरं काय.

शनिवारी अकरा वाजता बाबा सोफ्यावर घामानं भिजलेले दिसले. हाक मारली तर नुसते बघत राहिले. मला ओळखलंच नाही. बोट टोचून शुगर पाहिली, बेचाळीस. गिळता येतंय याची खात्री करून साखरेचं पाणी घोट घोट पाजलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

पंधरा मिनिटांनी अठ्ठ्याण्णव.

“उल्का, पंखा लाव नं वं,” बाबा म्हणाले. इथल्या थंडीत पंखा कुठून आणू? पण नाव घेतलं ना माझं. मी ढसाढसा रडले.

ॲम्ब्युलन्सवाल्यानं तपासलं, टोस्ट खायला लावला, तासातासाला शुगर बघायला सांगितलं आणि “ही इज ग्रँड”, म्हणजे आता ठीक आहेत, असं म्हणून तो गेला. मग मी सुरू झाले.

“नाश्ता केला होता?”

“नाही.”

“आणि शुगरची गोळी?”

“ते तं आठलेच घेतली.”

बारा दिवस हेच चाललं होतं. मी केलेले पोहे रोज डब्यात भरून प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, मागे लपवलेले.

“बाबा, माझे कृमी गोळ्या घेत नाहीत. पोट रिकामं असताना ती गोळी शुगर कुठवर खाली नेईल, कळतं का? थोडा ताण पेशीला कणखर करतो, एवढा ताण माणसाला मारतो. इतकं जगून करायचं काय होतं तुम्हाला?”

बाबा बशीकडे बघत म्हणाले, “तुझी आई गेली तेव्हा तू विमानात होती. म्हटलं, तू वापस येतपर्यंत आपण तरी टिकलं पाहिजे.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्याशेजारी बसले.

“मार्चमध्ये थीसिस जमा करते आणि येते,” मी म्हटलं. “दहाच महिने आहेत, बाबा. ते जेवून काढा.”

त्यांनी मान डोलावली आणि अजून एक टोस्ट मागितला.