मी फक्त अंगठ्याची नाही

मी निपाणीतल्या एका रेशन दुकानातली जुनी थंब मशीन आहे, आणि मित्रांनो, माझ्यावर घातलेला आळ मी मुळीच खपवून घेणार नाही. 'मशीन न्हाय म्हणाली' असं कुणी सांगितलं, तर आधी मला विचारा!

कारखान्यात मला काच बसवली, काचेखाली उजेड ठेवला आणि एकच काम शिकवलं. बोट टेकलं की त्याचा फोटो काढायचा, त्यातल्या बारीक रेषा उठावदार करायच्या आणि रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, त्या खुणा टिपायच्या. चेहरा, जात, मराठी की कन्नड, मला काही दिसत नाही. खुणा आधारच्या नोंदीशी जुळल्या की हिरवा दिवा, नाही तर लाल.

दुकानदार परशरामअण्णांनी पहिल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडला. खंडेनवमीला तर भक्तिभावाने थेट काचेवरच हळदकुंकू वाहिलं! मग मला कोण दिसणार? सगळ्या गल्लीचं रेशन अडलं आणि बोल लागला लोकांच्या बोटांना. पुढे माझं कौतुक आटलं. काचेवर तंबाखूची धूळ साचली, कडेला तडा गेला.

अशात तानाक्का आल्या. जन्मभर विड्या वळून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. मी लाल दिवा लावला. पुन्हा लाल.

"आक्का, ह्या म्हैन्यात बी जुळंना. आता कार्डावरनं तुमचं नाव उडतंय बघा," अण्णा म्हणाले.

"उडतंय? मग मी हितं हुबी हाय ती कोण रं? ल्हानपणी तुला कडंवर घेऊन फिरवलं ती कोण हुती?"

"मला ठावं हाय, आक्का. पर मशीन न्हाय म्हणतीया."

खोटं! साफ खोटं! 'मला दिसत नाही' एवढंच मी म्हणत होते. आणि दहाही बोटांची नोंद असताना हे अंगठ्यावरच का अडून बसले? मला थंब म्हणतात म्हणून? मी आतल्या आत जळत होते. पण मला तोंड नाही, दोन दिवे तेवढे आहेत.

"न्हाय कशी म्हणतीया, बघतेच!" तानाक्कांनी पदराने माझी काच खसाखसा पुसली आणि रागारागाने एकेक बोट दाबत सुटल्या. अंगठ्याशेजारचं झिजलेलं. मधलंही झिजलेलं.

"आक्का, दाराची बेल हाय व्हय ती?" रांगेतून कुणीतरी हसलं.

त्या हटल्या नाहीत. शेवटी डावी करंगळी टेकली. विड्या वळताना ती बाजूलाच राहिलेली. फाटे, टोकं, सगळं जागच्या जागी! असा झोकात हिरवा दिवा मी उभ्या आयुष्यात लावला नव्हता.

"घाल आता तांदूळ," तानाक्का म्हणाल्या, "आनि मापात मारू नगंस."

हल्ली नवी मशीन आली आहे आणि मी फळीवर पडून आहे. म्हणून गप्प बसेन असं समजू नका. मित्रांनो, आमच्या काचा स्वच्छ ठेवा. लाल दिवा लागला तर दुसरं बोट मागा. दहाही बोटं जुळली नाहीत, तर मान वर करून समोरच्याच्या तोंडाकडे बघा. परशरामअण्णा तानाक्कांच्या कडेवर वाढले होते. आक्कांना ओळखायला त्यांना माझी परवानगी कशाला हवी होती?