चौदा नंबरचा कामसू कोअर

"चौदा नंबरच्या कोअरसाठी टाळ्या!" असं म्हणून टॅम्झिन ओकेलनं केकमध्ये सुरी खुपसली आणि होबार्टच्या त्या सागरी अंदाज कचेरीतल्या नऊ माणसांनी प्रोसेसरच्या एका तुकड्यासाठी टाळ्या वाजवल्या. नेव्हिल पायबसनंही वाजवल्या. त्याच्या हातात लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेला केकचा चौकोन होता, त्यामुळे आवाज बेताचाच झाला आणि खोबरं मात्र सगळ्यांच्या अंगावर उडालं.

टॅम्झिन तीन महिन्यांपूर्वी सिडनीहून साहेब होऊन आली होती. बाई हुशार, पण आल्या आल्या तिनं मोजामोज सुरू केली. प्रत्येक कोअरच्या पोटात छोटे काउंटर असतात. आत काय काय घडतंय ते मुकाट्यानं मोजत बसतात. ते चालू कसे करायचे, हे तिला नेव्हिलनंच शिकवलं होतं. तिनं त्यातली एकच गोष्ट मोजली: कोणता कोअर सेकंदाला किती सूचना पार पाडतो. मग चोवीस कोअरांची गुणवत्ता यादी करून ती फ्रिजवर चिकटवली. पहिला आला चौदा नंबर. त्याच्यावर तिचा स्वतःचा नवा प्रोग्राम चालायचा. शेवटून पहिला आला तीन नंबर. त्याच्यावर नेव्हिलचा जुना.

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्यावर लाटा कशा फुटतील, ते हा जुना प्रोग्राम सांगायचा आणि शेवंडी पकडणाऱ्या दहाबारा होड्या ते पाहूनच दांडा ओलांडायच्या. नेव्हिलनं तो एकतीस वर्षांपूर्वी लिहिला होता. आज त्याचा कचेरीतला शेवटचा दिवस होता. निवृत्तीचं त्याला काही वाटत नव्हतं. आपल्यामागे प्रोग्राम चालू राहावा, एवढीच एक इच्छा होती, आणि टॅम्झिन तो बरोबर बाराला कायमचा बंद करून लाटांचा अंदाज आपल्या नव्या प्रोग्रामवर सोपवणार होती. निरोप आणि सत्कार तिनं एकाच केकमध्ये उरकला होता.

"तुमचा प्रोग्राम आळशी आहे हो, नेव्हिल," ती अगदी प्रेमानं म्हणाली. "अर्धा वेळ नुसता बसून असतो."

"मेमरीतून आकडे यायची वाट बघतो तो. समुद्राचा तळ आहे, सगळा एकदम हाताशी मावत नाही."

"चौदा नंबर नाही कधी वाट बघत."

"तो नक्की करतो काय?"

"बारा अब्ज सूचना! दर सेकंदाला!"

"हो, पण कसल्या?"

"नेव्ह, शेवटच्या दिवशी तरी वाद घालू नकोस रे," असं म्हणून फोनवर बसणाऱ्या लॉरेननं त्याच्या बशीत केकचा दुसरा तुकडा वाढला आणि प्रश्न तिथंच राहिला.

बाराच्या ठोक्याला टॅम्झिननं जुना प्रोग्राम बंद केला. नेव्हिलनं तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर पाहिलं. मागे एकच गलका उठला. चौदा नंबर बारावरून तेरा अब्जांवर गेला होता!

"बघा! लोढणं गेलं आणि कसा मोकळा झाला!"

सव्वाबाराला लॉरेन फोन छातीशी दाबून आत आली. "अगं, बाराचा अंदाज कुठाय? चार होड्या दांड्याबाहेर ताटकळल्यात, वारा वाढतोय, आणि ते मला जे बोलतायत ते मी इथं सांगू शकत नाही."

"येईलच आता. तेरा अब्ज चालल्यात."

"तसं सांगू त्यांना? अब्जांवरून होड्या आणा म्हणून?"

नेव्हिल कोणाला काही न विचारता खुर्चीवर बसला. एका कोअरला एका वेळी नीट चारच गोष्टी मोजता येतात, म्हणून प्रश्न जपून विचारायचे असतात. त्यानं पहिले तीन नेहमीचेच टाकले आणि चौथा असा: या कोअरनं लिहून किती वेळा ठेवलं?

पडद्यावर शून्य आलं.

"काउंटर बिघडलाय," टॅम्झिन म्हणाली.

"काउंटर धडधाकट आहे. मी मोजायला लागल्यापासून या पठ्ठ्यानं एक आकडासुद्धा लिहिलेला नाही."

"मग इतका राबतोय कशात?"

नेव्हिलनं तिचा प्रोग्राम उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "विचारतोय. 'झालं का? झालं का? झालं का?' अब्जावधी वेळा."

"कोणाला?"

"तीन नंबरला. दांड्यावरच्या लाटा तुमचा प्रोग्राम माझ्याकडूनच घेतो. त्या मिळाल्या की त्याचं स्वतःचं काम चार सेकंदांचं."

कोणीतरी तोंडातला केक मोठ्यानं गिळला. टॅम्झिनचे कान लाल झाले. लाटा मागून घ्यायचा तो भाग तिनं जुन्या प्रोग्राममधून उचलून तसाच चिकटवला होता, आत काय आहे ते न बघता. तिनं स्वतःच्या हातानं तीन नंबर पुन्हा चालू केला. त्यानं आपल्या सवयीनं अकरा मिनिटं घेतली. नऊ माणसं त्या आळशाकडे श्वास रोखून बघत उभी होती.

अंदाज गेला. पाऊण तासानं लॉरेननं दारातून सांगितलं, "चारही आत आल्या." नेव्हिलला इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

टॅम्झिन खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "चूक माझी. तो राहील. पण उद्या अडला तर मी काय करू? तो कशाकशाची वाट बघतो, ते मला पहिल्यापासून सांगा."

एकतीस वर्षांत त्या कचेरीनं नेव्हिलला 'झालं का' एवढंच विचारलं होतं. कसं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मग त्यानं समुद्रतळाचा नकाशा काढला, टेबलावर पसरला आणि दोन कोपऱ्यांवर दोन कप ठेवले.

ते उठले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. नेव्हिलचा पास नियमाप्रमाणे पाचलाच बंद झाला होता, दार त्याला उघडेना. टॅम्झिननं आपला पास लावला आणि तो पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत ती दार धरून उभी राहिली.