नव्या डिस्कवरचा श्री

बारामतीतल्या आमच्या स्टुडिओत एक काळा डबा आहे. त्यात दोन डिस्क. एकीवर जे उतरतं तेच दुसरीवर आपोआप उतरतं. डबा घेतला तेव्हा रणजितदादा म्हणाला होता, "स्वरदा, जुळी पोरं हायत ही. एकाला काय झालं तर दुसरं हाय की!"

रणजित इंदापूरचा. माझा सख्खा भाऊ नव्हे, पण स्टुडिओ आम्ही दोघांनी मिळून काढला आणि राखी मी त्यालाच बांधते. कॅमेरा त्याचा, एडिटिंग माझं.

गेल्या महिन्यात त्यानं कळस गावातलं एक लग्न शूट केलं. वरातीत डीजेचा ट्रॅक्टर मागे घेताना गावातले म्हातारे गेणबाआबा चाकाखाली आले आणि जागीच गेले. ट्रॅक्टर चालवत होता संभाजी, रणजितच्या बहिणीचा नवरा. म्हातारा पिऊन तर्र होता, स्वतःच येऊन पडला, असं त्यानं सांगितलं आणि गावानं मान डोलावली. जन्मभर वारकऱ्याची माळ पाळलेला, दारूला न शिवलेला माणूस, पण मेलेल्याला कुठं तोंड असतं?

आबांची बायको द्वारकाबाई एके दिवशी स्टुडिओत आल्या.

"पोरी, मला कुणाला जेलात धाडायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "माणूस गेला त्यो गेला. पर पिऊन मेला म्हणत्यात गं. नातवंडांनी त्येच ऐकत मोठं व्हायचं का? तुमच्या शूटिंगमधी काय दिसलं तर बघ."

वरातीचं फूटेज मी अजून उघडलंही नव्हतं. उद्या नक्की बघते म्हणाले. रणजितनं स्वतः खाली जाऊन त्यांच्यासाठी चहा आणला, कप हातात दिला. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा!

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर दोन्ही डिस्क कोऱ्या. संगणक म्हणे, इथं काहीच नाही.

"लाईटीचं लफडं," रणजित म्हणाला. "सारखी जात येत हुती. आन् कॅमेऱ्याची कार्डं तर मी कवाच पुसली."

मी वीजवाल्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. जुळ्यांचं हेच असतं. एकीला जे पाजाल ते दुसरीच्याही पोटात जातं, मग ते विष का असेना.

पण मी हात टेकले नाहीत. डिस्कवर विभागणीची एक नोंद असते, कुठून कुठपर्यंत काय आहे ते सांगणारी. ती म्हणजे शेताच्या हद्दीचे दगड. दगड उपटले म्हणून ऊस कुठं पळून जातो? एक डिस्क काढून कपाटात कुलपात ठेवली. दुसरीची हुबेहूब नक्कल केली आणि त्या नकलेवर शोध सुरू केला.

"कशाला डोकं फोडतीस?" रणजित येता-जाता म्हणायचा. "पुण्यात माझ्या वळखीचा माणूस हाय. दे दोन्ही डिस्का, मी नेतो."

खरं सांगते, मी कपाटाची किल्ली काढलीसुद्धा होती. पण म्हटलं, हा शोध संपू दे.

शोध संपला आणि पडद्यावर दोन विभाग आले. एक जुना, आमचा. त्याच्यावर दुसरा, रिकामा, द्वारकाबाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी केलेला. त्याचं नाव होतं 'श्री'.

रणजितच्या वडिलांचं इंदापुरात किराणा दुकान होतं. नव्या वहीवर आधी श्री काढायचा, मग बाकीचं. ते त्याच्या हातातच मुरलेलं. कोरी डिस्क केली की तिला पहिलं नाव श्री. मी चिडवायचे, "दादा, हळदकुंकू पण वाहा की!" तसंच याही वेळी हात चालला असणार. मग चूक लक्षात आली आणि त्यानं तोही विभाग उडवला. पण दगड उपटला तरी खड्डा राहतोच.

वीज जाते, येते, डिस्क जाळतेही. पण वीज श्री लिहीत नाही.

मला आधी रडू आलं. मग असा संताप आला की हातातला माऊस भिंतीवर आपटला.

जुन्या हद्दी पुन्हा बसवल्या. काही फायली फाटक्या निघाल्या, पण वरात सापडली. गेणबाआबा कडेला कुंपणाला टेकून, हात जोडून उभे होते. चांगले शुद्धीत. ट्रॅक्टर भसकन मागे येतो आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून आवाज येतो, "दाजी, थांबा! मागं आबा हायत! दाजी!"

रणजितचा आवाज.

मी त्याला बोलावलं आणि ते लावलं. तो खुर्चीत बसला, मान खाली घालून.

"बहिणीचं कुकू हाय, स्वरदा. माझी सख्खी बहीण हाय ती."

"आणि मी कोण?"

तो उठून दाराशी गेला. मग म्हणाला, "तू मानलेली हायस."

पुन्हा कुणी पुसू नये म्हणून एक प्रत पोलिसांत देऊन मी कळसला गेले. द्वारकाबाईंनी शेजारपाजार बोलावला, ओसरीवर लॅपटॉप ठेवला आणि सगळ्यांना पुढे बसवलं. आबा हात जोडून उभे दिसले तशा त्या ताडकन उठल्या.

"बघा! बघा म्हणावं समद्यांनी! हाय का पिलेला?"

कुणी वर बघेना. द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला परत लावायला सांगितलं. या वेळी त्या आवाजाकडे कान देऊन बसल्या.

"किती जीव तोडून वरडतूया गं. कुणाचं लेकरू म्हणावं? त्येला एकदा घेऊन ये माझ्याकडं. आपल्या हातानं जेवाय घालीन."

मी लॅपटॉप मिटला.

"मावशी, तुम्ही स्टुडिओत आला होता, तेव्हा ज्यानं चहा आणून दिला ना, तोच तो."