परातीच्या तळाला

तो दगड पहिल्यांदा घरी आणला तेव्हा माझ्या सासूबाई, अम्मी, त्याच्यावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "हा तर गोश्तासारखा दिसतो गं, मिनाज."

खरंच तसा होता. गुलाबीसर, मधून पांढऱ्या रेषा, कुठं कुठं काळे ठिपके. आमच्या माकणीत विहीर पाडा नाहीतर बोअर मारा, दगड निघतो तो काळाच. घराच्या पायात काळा, बांधावर काळा, कबरीच्या उशाला काळा. त्यामुळं गल्लीतल्या बायका हा गुलाबी दगड बघून गेल्या. इतकं शिकून सुनेनं आणलं काय तर धोंडा, असं एक जण म्हणालीसुद्धा. अम्मींनी तिला तिथंच विचारलं की तुझ्या सुनेनं काय आणलं? मोबाईलच ना? तो दोन सालात बंद पडेल.

दगड आमच्याच पायाखालचा होता. भूकंपानंतर काही वर्षांनी एका संस्थेनं आमच्या भागात खूप खोल भोक पाडलं. काळ्या दगडाचे थर संपल्यावर तळाला हा ग्रॅनाईट लागला. तिथून वर काढलेल्या दगडाच्या लांब दांड्या दूरच्या एका गोदामात पेट्यांमध्ये ठेवलेल्या आहेत. मी पोटुशी असताना मागितलेला तुकडा अलिजा रांगायला लागली तेव्हा हातात आला. तळहातात मावेल एवढा. देतानाच त्यांनी बजावलं, एवढाच मिळेल, पुन्हा मागू नका.

ग्रॅनाईट जमिनीच्या पोटात हळूहळू थंड होत तयार होतो, पुष्कळदा वर डोंगर उभे राहत असताना त्यांच्या मुळाशी. म्हणजे आमच्या या सपाट शिवाराखाली, जिथं आज सोयाबीन आणि तूर आहे, तिथं कधीकाळी डोंगररांग असावी. ती झिजून गेली आणि वर काळा लाव्हा पसरला. ती कधी उभी राहिली, हे शोधणं माझ्या पीएच.डी.चं काम. त्याचं उत्तर ग्रॅनाईटमधल्या झिरकॉन नावाच्या कणांत असतं. डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे कण. जन्मताना त्यांच्यात थोडं युरेनियम अडकतं आणि फार सावकाश त्याचं शिसं होत राहतं. किती शिसं झालं ते मोजलं की कणाचं वय निघतं. अम्मींना मी हे विरजणावरून सांगितलं होतं. दही किती लागलं त्यावरून विरजण कधी लावलं ते कळतं, तसं.

अम्मींचा जीव माझ्या डिग्रीपेक्षा त्या वयात जास्त होता. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या माहेरी होत्या, पलीकडच्या गावात. घरावरचं मातीचं माळवद खाली आलं. त्या वाचल्या, त्यांची पहिली मुलगी वाचली नाही. तिचं नाव अलिजा. वसीम, माझा नवरा, त्यानंतरचा. आमच्या मुलीला त्यांनी तेच नाव ठेवलं. त्या मुलीचं वय विचारलं की अम्मी म्हणतात, असंल साल-सव्वासालाची. नक्की सांगता येत नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं. आणि ज्या जमिनीनं पोर नेली तिचं तरी नक्की वय कुणीतरी काढावं, अशी काहीशी त्यांची समजूत होती. वय कळलं म्हणून जमीन कधी हलेल ते कळत नाही, हे मी एकदा सांगून बघितलं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी परत विचारलं, "कवा लावताव मशीनला?"

मशीनची तारीख पुढच्याच महिन्यातली होती. मशीन पुण्याला, माझ्या लॅबमध्ये नाही, त्याहून लांब. पुण्यात अख्खा दगड कुटून, चाळून पूड करून झाली. पण पुढं लॅबमध्ये दिवसदिवस बसणं मला जमेना. अंगावर पिणारं लेकरू आत घेऊ देत नव्हते आणि बाहेर तिला धरून बसायला कुणी नव्हतं. शेवटी माझ्या गाईड राजनंदिनी मॅडमनी नाखुशीनं परवानगी दिली. पुडीची पहिली धुणी घरी करावीत, पण परात कोरी हवी, पाणी स्वच्छ, आणि बाहेरचा एक कणही आत पडता कामा नये. मी लोहाऱ्याहून नवी स्टीलची परात आणली. पाणी जारचं. ओट्यावर स्वच्छ चादर अंथरून बसायचे.

काम म्हणजे परातीत पूड घ्यायची, पाणी घालायचं आणि गोल हलवत हलवत वरचं हलकं पाण्याबरोबर सोडून द्यायचं. झिरकॉन जड, तो तळाला बसतो. अलिजा झोपली की एक धुणं, ती शेजारणीकडं रमली की आणखी एक. अम्मी भाजी निवडत बघायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या की हे तर रोळणंच हाय. मी हसून हो म्हटलं. आमच्याकडं तांदूळ, डाळ असंच पाण्यात रोळतात. परात फिरवायची, वरचं दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, तळाला खडे राहतात. अम्मींच्या हातचा भात खाताना कधी दाताखाली खडा आलेला नाही. लग्नाच्या बिर्याणीला गल्लीतल्या बायका तांदूळ त्यांच्याकडंच आणून देतात.

त्या दिवशी सगळ्या धुण्यांच्या तळाचं जमवलेलं मी एकत्र करून शेवटचं धुवायला घेतलं होतं. सकाळी अलिजाला लस टोचून आणली होती. मांडी सुजली, अंग तापलं आणि दुपार झाली तशी ती मला सोडेना. परात तशीच झाकून मी तिला घेऊन आडवी झाले. औषधानं तिचा ताप उतरत होता, तिचा घाम माझ्या मानेवर येत होता, आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बाहेर परातीचा आवाज येत होता. लयीत. गोल, गोल, थांबून परत गोल. झोपेत मला तो भातासाठीचाच वाटला. मग अम्मी पदराला हात पुसत दारात आल्या. चेहरा खुललेला. हळू आवाजात, पोर उठू नये म्हणून, म्हणाल्या, "तुझं रोळून ठेवलंय समदं. येक खडा ठेवला न्हाय."

मी बाहेर गेले. ओट्यावर माझ्या काचेच्या वाटीत पांढरी, गुलाबी, साखरेसारखी स्वच्छ वाळू होती. बघायला फार सुंदर. परात धुऊन, पुसून भिंतीला उभी केली होती.

"खालचं काय केलं, अम्मी?"

"कोणतं?"

"तळाचं. काळं काळं होतं ते."

"ती कचकच व्हय? मोरीत सोडली की."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. वसीम सांगतो, म्हणजे अम्मींनी त्याला सांगितलं, की मी "बरं केलंत" म्हणाले आणि तिथंच खाली बसले. अम्मींना वाटलं उन्हानं चक्कर आली. त्यांनी मला साखर-पाणी दिलं. मी ते प्यायले. काय करणार होते? त्यांनी माझी झोप मोडू नये म्हणून माझं काम केलं होतं, आणि जितकं नीट करता येईल तितकं नीट केलं होतं.

वसीम संध्याकाळी आला. त्याचं लोहाऱ्याला ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे. कुठल्याही अडचणीत त्याला आधी पाना-पक्कड सुचते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मोरी काही मक्केला जात नाही, मागच्या शोषखड्ड्यातच जाते, उपसू. अम्मी चुलीपाशी होत्या. वसीमचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांना कळलं. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

दुसऱ्या दिवशी वसीमनं खड्ड्याचा वरचा चिखल घमेल्यात काढून दिला आणि अम्मी तीच परात घेऊन बसल्या. या वेळी वरचं सोडत होत्या आणि तळाचं ठेवत होत्या. हाताला उलटी सवय लावायला त्यांना वेळ लागला. मधेच जुन्या सवयीनं तळ झटकायला हात जायचा आणि त्या स्वतःलाच शिवी द्यायच्या. जेवायला उठल्या नाहीत. नमाजापुरत्या उठल्या, की पुन्हा परात. मी अलिजाला कडेवर घेऊन आत-बाहेर करत होते.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी सुरम्याची रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली. तळाला चिमूटभर काळसर वाळू. मी भिंगाखाली धरली. त्यात झिरकॉन होते. बारके, टोकदार, पाण्याच्या थेंबासारखे चमकणारे. तेवढ्यात माझी नजर अंगणावर गेली.

अंगणातलं काँक्रीट मागच्या ईदच्या आधी केलेलं. शोषखड्ड्याला, मोरीला गिलावा तेव्हाच झाला. आणि त्याची वाळू आली होती कर्नाटकातून. आता नदीची वाळू मिळत नाही, तिकडं दगड फोडूनच वाळू करतात. तो दगड ग्रॅनाईट. त्यातही झिरकॉन असतात, अगदी असेच, आणि वयही बहुधा याच्या आसपासचं. आमच्या काळ्या मातीत ते पडले असते तर शोधता आले असते, कारण काळ्या दगडात असा कण विरळाच. पण खड्ड्याच्या तोंडाशी पोतंभर परका ग्रॅनाईट झडत होता. बाटलीतला कुठला कण आमच्या डोंगराचा आणि कुठला सिमेंटबरोबर आलेला, हे मला नाही, कुठल्याच मशीनला सांगता येणार नव्हतं.

वसीम म्हणाला, "पाठवून दे. दगडाला कुठं बोलता येतं?"

तो थट्टेनं बोलला, पण पुरता थट्टेनंही नाही. खरं सांगते, मीही तसा विचार केला. तारीख हातची गेली तर वर्ष जाणार होतं, आणि तुकडा पुन्हा मिळणारच नव्हता. बाटलीवर चिठ्ठी लावली की काम झालं. कुणी विचारणार नव्हतं. आकडा आला असता, छापला गेला असता आणि अम्मींना मी सांगितलं असतं, इतकं इतकं वय. आणि तो आकडा कुठल्या तरी खाणीचा असता.

मॅडमना फोन लावला तेव्हा अलिजा माझ्या बांगड्यांशी खेळत होती. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मग एवढंच विचारलं की खड्ड्याला वाळू कुठली आहे. मी सांगितलं. नंतर त्या म्हणाल्या की मग तो आपला नमुना राहिला नाही, मिनाज. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट त्यांनी बाळाचा ताप उतरला का ते विचारलं. मशीनची तारीख त्यांनी दुसऱ्या मुलाला दिली. गोदामातून आणखी तुकडा मिळतो का ते विचारून बघेन म्हणाल्या, पण तो मिळणार नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

अम्मींना हे सांगणं राहिलं. बाटली मी फळीवर ठेवली होती. येता-जाता त्या तिच्याकडं बघायच्या. गल्लीतल्या बायकांना त्यांनी सांगूनही टाकलं होतं की सापडलंय, आता मशीनला जाणार. मी रोज आज सांगू म्हणायचे. अलिजा रडायची, दूध उतू जायचं, पाहुणा यायचा, आणि मला सुटल्यासारखं व्हायचं.

काल दुपारी अलिजा झोपली आणि मागून परातीचा आवाज आला. जाऊन बघते तर अम्मी खड्ड्याच्या काठावर बसलेल्या, घमेलं भरलेलं, शेजारी सुरम्याची दुसरी बाटली. एका बाटलीनं भागलं न्हाय तर, म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. वाळूचं, कर्नाटकाचं, सगळं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. त्या परात न थांबवता ऐकत होत्या.

"मंग वाळूचे येगळे काढू. आपले येगळे."

"नाही निघत, अम्मी. दोन्ही सारखेच दिसतात."

परात थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पाण्याकडंच बघत होत्या.

"त्या सकाळी शाळंम्होरं लेकरं ओळीनं ठिवली व्हती," त्या म्हणाल्या. "धुळीनं समदी येकसारखी. तोंडं बी कळंनात. म्या वळखलंच की माझं."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. कणांना आई नसते, असं काहीतरी. अम्मींनी पुन्हा परात फिरवायला घेतली. गोल, गोल, थांबून परत गोल. वरचं गढूळ पाणी कडेनं सोडलं, तळाचं बोटांनी सावरून धरलं. पाणी संपलं तसा त्यांनी हात पुढं केला.

घरातून अलिजाची चुळबुळ ऐकू येत होती. अजून उठली नव्हती. मी तांब्या भरला आणि परातीत पाणी ओतायला लागले.