अर्ध्या घराची नोटीस

माझा दादा कशालाच नाही म्हणत नाही. लोक म्हणतात, भाग्यवान आहेस. त्यांनी माझ्या जागी चार वर्षं काढून दाखवावीत!

वडिलांनी घर दोघांच्या नावावर केलं, अर्धं अर्धं. आता राहतोही आम्ही दोघंच. वरचा मजला आणि खालचा दिवाणखाना दादाचा. मागच्या खोलीत मी आणि माझं शिलाई मशीन. माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं दादाच्या पसरलेल्या पायांना वळसा घालून यायची. काही परत यायची नाहीत.

मला माझा हिस्सा विकून रस्त्यावरचा एक गाळा घ्यायचा होता. शेजारचे दातांचे डॉक्टर हिस्सा घ्यायला तयार होते. आता सापडलेल्या गाळ्याचा मालक फक्त दीड महिना थांबणार होता. अडलं होतं ते दादापाशी.

"तू घेतोस माझा हिस्सा?"

"बघू."

"मग डॉक्टरांना देऊ?"

"कोण नाही म्हणतंय? पण घाई काय आहे?"

चार वर्षं हेच. ताकास तूर लागू देईल तर शपथ.

शेवटी वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "पहिला हक्क भावाचा. नोटीस पाठवू. ती त्यांच्या हातात पडली आणि तीस दिवस ते गप्प राहिले, की तुम्ही मोकळ्या."

गप्प राहण्यात दादाचा हात कोण धरणार! मी खूश झाले. नोटीस घरी पोचल्याचं वकीलबाईंनी कळवलं, त्या दिवसापासून कापड बेतायच्या टेबलाच्या कडेला खडूने रोज एक रेघ मारत गेले. एकतिसाव्या दिवशी वकीलबाईंनी पोचपावती माझ्यापुढे सरकवली.

"ही सही कुणाची?"

माझी. बेल वाजली, दादा वरून ओरडला, "बघ गं कोण आहे," आणि मी तोंडात टाचण्या धरून उठले, सही केली. वीस वर्षं या घरातलं सगळं टपाल मीच घेते. नाव न बघताच ते पाकीट जिन्यावरच्या ढिगात टाकलं होतं. अजून तिथेच होतं, न फोडलेलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा! मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

गाळा एका झेरॉक्सवाल्याला गेला.

तरी मी नोटीस पुन्हा पाठवायला लावली. दुसरा गाळा मिळेल, नाहीतर तिसरा.

परवा सकाळी बेल वाजली. मी मशीन थांबवलं, पण उठले नाही.

"अगं, बेल!" वरून दादा.

पुन्हा बेल.

"बहिरी झालीस का?" शेवटी सपाता वाजवत तो खाली आला. दारात पोस्टमन.

"सही," पोस्टमन म्हणाला.

दादाने वळून माझ्याकडे पाहिलं. "कर ना. नेहमी तूच करतेस."

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. दादाने गुपचूप सही केली, पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. मला धास्ती वाटत होती. "जाऊ नकोस" म्हणाला असता, तर मी तिथल्या तिथे विरघळले असते.

"तू गेलीस," तो म्हणाला, "तर दार कोण उघडणार?"

चार वर्षांत त्याने विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ रागाचं. मी खडू उचलला आणि टेबलाच्या कडेला पहिली रेघ मारली.