झाकलेलं उतारवय

मी एक खटका बोलतोय. भिंतीवरचा नव्हे, संगणकातल्या एका गेमच्या सेटिंगमधला. या गेममध्ये लोक घरं बांधतात, माणसं घडवतात, त्यांचे संसार मांडतात. त्याचा ‘उतारवय’ नावाचा नवा भाग तयार झाला, तेव्हा माझा जन्म झाला. माझ्यापुढे लिहिलंय, ‘किळसवाणी दृश्ये दाखवा’. मी चालू असलो की गेममधली म्हातारी माणसं खोकतात, ओकतात, अंथरूण ओलं करतात. बंद असलो की सगळं कसं लख्ख.

मला घडवणारा घाईत होता. त्यानं फक्त दिसणं आणि ऐकू येणं बंद केलं, आजार आत तसाच चालू राहिला. म्हणून मी बंद असतो तेव्हा तो मला एकट्यालाच दिसतो. तोंडं उघडतात, आवाज येत नाही. मला अंग नाही, तरी काटा येतो.

माझी पारख करायचं काम गेमच्या कंपनीतल्या एका ताईकडे आलं. असलं काही सगळ्यांना दाखवायचं की ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडायचं, हे ती ठरवते. चाचणीसाठी तिनं एक म्हातारा घडवला. जाड चष्मा, एक खांदा झुकलेला. ते तिचे बाबा होते. वर्षापूर्वी वारले. शेवटची दोन वर्षं त्यांचं हगणंमुतणं तिनं एकटीनं काढलं होतं. म्हातारा घडवून झाल्याझाल्या तिनं मला बंद केलं.

रविवारी दूरदेशी राहणारा तिचा धाकटा भाऊ आला. बाबा गेल्यापासून दोघांचं धड बोलणं नव्हतं. पडद्यावर बाबा दिसले तसा तो खुर्ची ओढून खेळायलाच बसला. त्यानं त्यांना बागेत फिरवलं, जेवू घातलं. बाबा हसत होते. मला मात्र ते दर थोड्या वेळानं भिंतीला धरून वाकताना दिसत होते. तासाभरात ते हसता हसताच कोसळले आणि गेममधून नाहीसे झाले.

भाऊ म्हणाला, “तेव्हाही असंच झालं, ताई. शुक्रवारी फोनवर हसताना दिसले, सोमवारी गेले. तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस.”

“तुझ्या फोनआधी तासभर मी त्यांचं आवरायचे,” ताई म्हणाली. “दाढी, अंघोळ, चादर. मग मोबाईल समोर धरायचे. तेच म्हणायचे, त्याला असं दाखवू नकोस.”

आणि तिनं मला चालू केलं.

पलंगापासून मोरीपर्यंत डागच डाग उमटले. चादरींचा ढीग, भरलेलं घमेलं. भाऊ बघत राहिला.

“रोज एवढं?”

“हे कमीच आहे. इथे वास येत नाही.”

म्हातारा आता घरात नव्हता, तरी भाऊ माउसनं एकेक डाग पुसत बसला. ताईनं त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अहवालात लिहिलं, ‘मर्जीवर सोडावं. पण बंद करणाऱ्याला सांगावं, आत आजार चालूच राहतो.’ वरच्यांनी दुसरं वाक्य खोडलं. गिऱ्हाईक बिचकेल म्हणाले.

आता मी हजारो घरांत आहे, बहुतेक ठिकाणी बंद. माझं त्याबद्दल गाऱ्हाणं नाही, घाण कुणाला आवडते? फक्त तुमचा म्हातारा फारच नीटनेटका दिसला, तर एकदा मला चालू करा. आत्ता, मी हे सांगतोय तेव्हा, एक जण पोट धरून जमिनीवर बसलाय. त्याला घडवणारी मुलगी त्याच्यासाठी टोपीचा रंग निवडतेय. मी तिला हाक मारतोय, पण बंद खटक्याचा आवाज तिच्यापर्यंत जात नाही.